आसाराम पाटलाची पारवं

भिंगारच्या नाक्यावर, भरल्या सकाळी, छावणीच्या दूधठेक्यावरच्या गहिनीनाथ मुकादमानं डबा उचलला आणि साळूबाईचं दूध रस्त्यावर ओतून दिलं. टांगेवाले बघत होते, छावणीत निघालेले कारकून बघत होते, भाजीच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका बघत होत्या. दूध धुळीतून वाट काढत गटाराकडं निघालं आणि एक कुत्रं शेपूट हलवत त्याच्या मागं गेलं.

"हे काय हाय?" मुकादमानं दोन बोटांत धरलेलं राखाडी पीस तिच्या नाकापुढं नाचवलं.

"पीस हाय. डोळं हायत मला."

"मग दूध काढताना कुठं गेल्ते डोळं? गोऱ्या शिपायांना मी पारव्याची पिसं पाजू व्हय? ठेकेदार माझी चामडी लोळवंल! मागं डब्याच्या झाकनावर पारव्याची शिट हुती, तवा गप बसलो. तुझ्या दुधात पानी नसतं म्हनून गप बसलो. आता न्हाई. शनिवारी मी सवता येऊन गोठा बघनार. आढ्याला एक जरी पारवं दिसलं, तर तुझा डबा बंद. मग घे खुरपं नि बस कुनाच्या तरी बांधावर."

खुरप्याचं नाव निघालं आणि साळूबाईच्या कानशिलात जाळ झाला. रिकामा डबा तिनं हिसकून घेतला, मुकादमाला त्याच्या तोंडावर दोन शिव्या हासडल्या, त्याच्या ठेकेदाराला दोन हासडल्या, दूध चाटणाऱ्या कुत्र्यालाही एक देऊन टाकली आणि ती तरातरा वस्तीच्या वाटेला लागली. वाटेत जो भेटेल तो म्हणायचा, "काय साळूबाई, आज लवकर?" आणि ज्यानं म्हटलं त्यानं पस्तावावं.

लढाईचे दिवस होते. भिंगारची छावणी पलटणींनी फुगली होती आणि दुधाला कधी नव्हती ती मागणी आली होती. त्या मागणीनंच साळूबाईला माणसात आणलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या घरी होतं काय? डोंगराच्या कडेचा मुरमाड तुकडा, चुलत्यांच्या वाटणीतून अंगावर पडलेला एक थोरला जुना गोठा आणि त्या गोठ्यात बांधायला काहीच नाही. नवरा रंगनाथ स्वभावानं गाय. मग साळूबाई आसाराम पाटलाच्या रानात खुरपायला जायची. वर्षानुवर्षं गेली. पाटील बांधावर छत्री लावून बसायचा आणि बायकांच्या पाठी मोजल्यासारखा बघत राहायचा. कुणी कंबर सरळ केली की म्हणायचा, "काय गं, दुखतीया? माज्या जवारीनं का दुखतीया, नवऱ्यानं?" आणि हसायचा. त्याच्या मागं त्याचे गडी हसायचे. साळूबाईनं ते हसणं गिळलं नाही, साठवलं. गळ्यातली होती नव्हती ती सोन्याची पुतळी मोडून तिनं पहिली म्हैस आणली. तिच्या पोटची दुसरी झाली, तिसरी झाली. ज्या दिवशी छावणीच्या ठेक्यात तिचा डबा लागला, त्या दिवशी तिनं पाटलाच्या बांधावर जाऊन त्याचं खुरपं त्याच्या छत्रीपुढं टाकलं आणि म्हणाली, "घ्या, आता जरा तुमची कंबर दुखू द्या."

ते पाटील विसरला नव्हता. विसरणारी जातच नसते ती.

आता या पारव्यांचं सांगितलं पाहिजे. पाटलाचा एकुलता पोरगा तापानं फणफणला होता तेव्हा पाटलानं कानिफनाथाला नवस बोलला, पोरगं उठलं तर पारव्यांना रोज दाणा टाकीन. पोरगं उठलं. कानिफनाथानं उठवलं की नगरच्या डॉक्टरानं, ते बाजूला राहू द्या. पण तेव्हापासून रोज उजाडता उजाडता आसाराम पाटील अंगावर उपरणं टाकून वाड्यासमोरच्या चौथऱ्यावर उभा राहायचा आणि सुपानं ज्वारी उधळायचा. पांढरीशुभ्र शाळू! गावातली माणसं भिंगारच्या दुकानापुढं उन्हात उभी राहून रेशनची तांबडी किडकी ज्वारी आणत होती. सरकारी धान्याची लेव्ही गोळा करायला आलेल्या कारकुनापुढं हाच पाटील हात जोडून "दाना न्हाई सायेब, उंदरं उपाशी मेली" म्हणाला होता. आणि पारव्यांना शाळू. त्या उधळलेल्या दाण्यांतले चार दाणे वेचायला कुणा गरिबाचं लेकरू वाकलं, तर काठी घेऊन पाटलाचा माणूस धावायचा. पुण्याला हात लावायचा नाही!

पाचपन्नास कोसांतले पारवे जमले म्हणायचे. खायचे पाटलाच्या चौथऱ्यावर. राहायचे कुठं? वाड्याच्या मागच्या अंगाला साळूबाईचा थोरला गोठा. उंच दगडी भिंती, वर पलटणीच्या मोडीतले पत्रे, पत्रा आणि भिंत यांच्यात हातभर सांध. पारव्यांना आणखी काय पाहिजे? वाशांवर रांगा लागल्या. खाली गव्हाणीत शिट, पाण्याच्या हौदात शिट, म्हशींच्या पाठीवर शिट. माळ्यावर रचलेला कडबा असा घाण झाला की म्हशी तोंड लावीनात; हुंगायच्या आणि मान फिरवायच्या. उपाशी म्हैस दूध कुठून देणार?

साळूबाईनं सगळं करून पाहिलं. डबे वाजवले, गोफण फिरवली, जुन्या लुगड्याचं बुजगावणं केलं. मेलेला कावळा टांगला, तर कावळे तेवढे गाव सोडून गेले आणि पारवे त्या बुजगावण्याच्या डोक्यावर बसून घुमू लागले. तेव्हा ती रंगनाथाला म्हणाली होती, "हे पाखरू भीत न्हाई. निलाजरं हाय. ह्याला हाकलून उपेग न्हाई, ह्याची वाटच बुजवाय पायजे."

पण वाट बुजवायची तर गाव आडवं. पाटलानं पारावर बसून सांगून ठेवलं होतं, "ती नाथाची पारवं हायत. जो त्यांची वाट अडवंल, त्याचा वंस बुडंल." लोकांनी माना डोलावल्या होत्या. गावातल्या कितीक घरांत पारव्यांनी उच्छाद मांडला होता, तरी माना डोलावल्याच.

साळूबाईनं मान डोलावली नाही. गेल्या महिन्यात पिल्लं उडून घरटी रिकामी झालेली बघून तिनं कंबर कसली. चिखलात भुसा तुडवला, दगडगोटे गोळा केले आणि शिडीवर चढून सांधन् सांध लिंपून काढली. म्हशींना वारा लागतो म्हणून एका अंगाला फट ठेवली, ती बाभळीच्या काट्यांनी विणून टाकली. दाराला गोणपाटाचा पडदा सोडला. हाताला फोड आले, पण गोठा झाला चकाचक. म्हशी रवंथ करू लागल्या आणि डबा पुन्हा काठोकाठ भरू लागला.

मग हे पीस आलं कुठून?

साळूबाई नाक्यावरून आली ती सरळ गोठ्यात. पडदा बाजूला केला, डोळे अंधाराला सरावू दिले आणि कान दिला. माळ्याच्या मागं, कडब्याच्या आडून, घुटुर्र घुटुर्र. ती माळ्यावर चढली. कडब्याच्या पेंढ्या बाजूला फेकल्या. भिंतीतला एक दगड काढून चौकोनी झरोका केला होता. कडेला हळदी-कुंकू लावलं होतं. आत काटक्यांवर दोन पिल्लं, केस उपटलेल्या म्हाताऱ्यांसारखी, चोची वासून बसलेली. आणि वर आढ्याला, कडब्याच्या रचेआड, त्या जोडीमागून आलेल्या, सात-आठ सोयऱ्याधायऱ्यांच्या जोड्या.

"अवं!" तिची हाक पाटलाच्या वाड्यापर्यंत गेली असणार. "अवं, इकडं या! आदी इकडं या!"

रंगनाथ आला. शिडीच्या पायथ्याशी उभा राहिला. बघताक्षणी त्यानं मान खाली घातली, म्हणजे विचारायचंही कारण उरलं नाही.

"कुनी काढला हा दगूड?"

"मी."

"का?"

"एकच ठिवलं गं. देवासाटी. एका जोडीपुरतं."

"एका जोडीपुरतं! आन पारव्यांना तुमी सांगितलं व्हय, बाबांनो, दोघांनीच या, बाकीच्यांनी भाईर थांबा? दाराला फट ठिवली तर चोर मोजून येत्यात का?"

"साळू, पाटील म्हनलं, वंस..." रंगनाथानं शिडीची पायरी नखानं खरवडली. "आपला पाळना कंदी हाललाच न्हाई. मला वाटलं, त्या घरट्यात पिल्लं झाली तर नाथाची आपल्याव बी नदर पडंल."

दुसरी बाई असती तर इथं रडली असती. साळूबाईला रडू येण्याऐवजी राग यायचा. तिची घडणच तशी. ती शिडीवरून खाली उतरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"पाटलाच्या नवसाआदी बी, लगीन झाल्यापासून, ह्या गोठ्यात चार-दोन पारवं हुतीच. तुमच्या आईच्या येळंला बी हुती. मी रोज त्यांची घान काढली. सांगा, हालला पाळना? पारवं पाळून लेकरं झाली असती, तर मला आतापातूर डझन झाली असती! पाळना न्हाई हालला, ते माजं नशीब. पन ह्या डब्याला कोन धक्का लावीत असंल, तर मी नाथाला बी सोडनार न्हाई. त्यो दगूड बसवा."

"पिल्लं हायती गं आत. चिनली तर पाप लागंल."

साळूबाईनं वर पाहिलं. पिल्लं ओरडत होती. ती दात खाऊन म्हणाली, "पाप लागंल ना? मग ते पाप ज्याचं हाय त्याच्या दारात न्हेते."

तिनं खराटा घेतला. माळ्यावरची, कडब्यामागच्या वाशांवरची सगळी विष्ठा, पिसं, सडका कडबा खरवडून दोन पाट्या गच्च भरल्या. एक डोक्यावर, एक कमरेवर. वाड्याला वळसा घालून ती चौथऱ्याशी आली आणि जिथं सकाळी पुण्याची शाळू उधळली जायची, तिथं दोन्ही पाट्या पालथ्या केल्या. भपकारा उठला. ओट्यावर पान जमवत बसलेला आसाराम पाटील ठसकलाच.

"अगं ए! येड लागलं का काय तुला?"

"दाना तुमचा, पाटील. पुन्य तुमचं. मग ही शिट कुनाची? तुमचीच की! आनून दिली."

"रंग्याला बोलीव! बायकूला आवरता येत न्हाई त्याला!"

"त्याला कशाला? मी काय तोंडानं मुकी हाय?"

आणि कमरेवर हात ठेवून पाटलाला आणखी चार शब्द सुनवायला तिनं मान वर केली, तेव्हा तिची नजर वाड्याच्या वरच्या मजल्यावर गेली. वरती पाटलाची धान्याची कोठी. तिला दोन मोठ्या खिडक्या. लांबून त्या उघड्या वाटायच्या. जवळून, उन्हाच्या तिरपेत, त्यांच्यावर काहीतरी चमकलं. साळूबाईनं डोळे बारीक केले. तारेची जाळी. बारीक भोकाची, चुन्याचा हात मारून भिंतीच्या रंगात मिळवून टाकलेली. लढाईच्या त्या दिवसांत खिळा मिळायची मारामार, तिथं अशी जाळी कुठून आली, ते पाटील जाणे आणि सरकार जाणे.

साळूबाई एकदम गप्प झाली. तिला ओळखणारं कुणी तिथं असतं, तर पळालं असतं.

"बोलवा पंच," ती म्हणाली. "आजच बोलवा."

पाटलाला तेच पाहिजे होतं. दिवस मावळायच्या आत मारुतीच्या पारावर गाव जमलं. पाटलानं नाथाचं नाव घेऊन सुरुवात केली, नवस सांगितला, पोराचं दुखणं सांगितलं, डोळे पुसले. मग म्हणाला, "ह्या बाईनं देवाच्या पाखरांची वाट चिनली आन माज्या दानाच्या जाग्याव घान टाकली. पैशाचा माज. गावानं हिला समज द्यावी. न्हाईतर उंद्या पाऊस लांबला, जनावर मेलं, तर दोस कुनाला द्यायचा?"

माना डोलायला लागल्या. साळूबाई उठली. रंगनाथानं तिचा पदर धरला. तिनं सोडवून घेतला.

"मला एकच इचारायचंय. पाटील, ही नाथाची पारवं तुमच्या हातचा दाना खात्यात. मग ती तुमच्या कोठीत का ऱ्हात न्हाईत?"

"ते पाखराच्या मनाव हाय."

"मनाव? का जाळीव?"

पाटलाचा हात मिशीवर होता तो तिथंच राहिला.

"कसली जाळी?" खालून कुणीतरी विचारलं.

"जा की, बगून या! पायाला काय मेंदी लागलीया? वाडा काय नगरला हाय? कोठीच्या खिडकीला बारीक तारंची जाळी हाय, वरून चुना फासलाय. आमी फट बुजवली तर आमचा वंस बुडतो, आन ह्यानी तारंनं बुजवली तर ह्यांचा वंस तरतो! हे कसं, ते मला सांगा. नाथ काय तारंला भितो आन चिखलाला कोपतो?"

दोघं-चौघं खरंच उठून गेले.  ते परत आले. "हाय जाळी," एक म्हणाला. 

"ती... ती बोक्यासाटी हाय," पाटील म्हणाला. "बोका शिरतो कोठीत."

पहिल्यांदा हसली ती भीमाआजी, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, तोंडात एकही दात नसलेली. "दुसऱ्या मजल्याव उडत जानारा बोका! आसारामा, मला बी दाव रं एकदा, मरायच्या आदी!"

मग हसण्याचा जो लोंढा आला तो थांबेना. ज्यांच्या माना इतके दिवस डोलत होत्या तेच पोट दुखेपर्यंत हसत होते. "माज्या माळवदाची पार चाळन झालीया," एक म्हणाला. "माजी दान्याची कनगी नासली," दुसरा ओरडला. पंचांतला थोरला खाकरला आणि म्हणाला, "असं करू. पाटलांनी एकतर जाळी काढावी. न्हाईतर ज्यानं त्यानं आपली फट बुजवावी, त्याला कुनी दोस द्यायचा न्हाई."

पाटील जाळी काढणार होता होय! तो उपरणं झटकून उठला आणि निघून गेला.

लोक साळूबाईभोवती गोळा झाले. बाई, बरं बोललीस. बाई, वाघीण हायस. आणि साळूबाई त्यांच्यावरच उसळली.

"व्हा बाजूला! आता जीभ फुटली व्हय? माज्या दारावरून जाताना 'वंसबुडवी बाई' कोन म्हनत हुतं? ती जाळी काय आज लावली? वर मान करून बगायला तुमाला कुनी कर लावला हुता का?"

 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धारा काढायला गोठ्यात आली, तर रंगनाथ दिसेना. माळ्यावर नजर टाकली, तर झरोका रिकामा. काटक्या नाहीत, पिल्लं नाहीत.  या भोळ्या माणसानं घाबरून पिल्लं मारली की काय? ती तशीच बाहेर धावली.

रंगनाथ वाड्याच्या चौथऱ्यावर उभा होता. उभ्या आयुष्यात जो माणूस पाटलापुढं चपला हातात घेऊन गेला, तो पायात चपला घालून उभा होता. ओट्याच्या वळचणीच्या खुंटीला त्यानं पाटी टांगली होती आणि पाटीत, काटक्यांसकट उचलून आणलेलं घरटं. पिल्लांची आई वरच्या पन्हाळीवर येरझारा घालत होती. पाटील हातात सूप घेऊन दारात थिजला होता.

"पाटील," रंगनाथ म्हणाला. "तुमी म्हनलं, मी देवासाटी झरोका ठिवला. तुमी सवता मातर जाळी मारली. माज्या बायकूचं दूध रस्त्याव गेलं ते माज्यामुळं. आता ही पिल्लं तुमच्या वळचनीला. उडस्तवर सांभाळा. घरटं काढलं, तर वंस बुडतो म्हनं."

आणि तो वळून घरी आला. शिडीवर चढला. आधी आढ्यावरच्या आगंतुक जोड्या काठीनं हुसकून बाहेर काढल्या, मग हळदी-कुंकवाचा तो दगड स्वतःच्या हातानं जागेवर बसवला आणि भोवती चिखल थापला. साळूबाई खाली उभी राहून चिखलाचे गोळे वर देत होती. तिनं एक गोळा जरा जोरातच शिडीवर आपटला, म्हणून रंगनाथाला भीती वाटली.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? पाटी तिथंच ठिवून आलात! माजी नवी पाटी! त्या मेल्याला फुकट?"

शनिवारी गहिनीनाथ मुकादम आला. माळ्यावर चढला, आढं बघितलं, गव्हाणीत हात घालून पाहिला, काट्यांच्या जाळ्यात बोट घालून रक्त काढून घेतलं. एक पीस सापडलं नाही. "चालू ठिवतो डबा," तो म्हणाला. साळूबाईनं आभार मानले नाहीत. "ओतलेल्या दुधाचं काय?" एवढं विचारलं, आणि मुकादम पटकन सायकलवर बसला.

त्या महिनाभरात गावानं चिखल तुडवला. घराघरांच्या फटी बुजल्या. पाटलानं दाणा टाकणं बंद केलं. पुण्याची गरज एकाएकी कमी झाली असावी. पारवे हळूहळू डोंगराच्या कपारीत गेले, जिथं ते पहिल्यापासून राहायचे. पण वळचणीची ती पाटी पाटलाला हलवता येईना. सगळ्या गावाचं लक्ष तिच्यावर. खाली ओट्यावर, पाटलाच्या बैठकीवर, ऐन गादीवर, रोज पांढरे ठिपके पडत होते आणि पाटील बूड सरकवून बसत होता.

रोज डबा डोक्यावर घेऊन भिंगारला जाताना साळूबाई वाड्यापुढं थांबायची आणि खड्या आवाजात विचारायची, "पाटील, पाटी हाय न्हवं माजी?"

पिल्लं उडाली त्या दिवशी ती ओट्यावर चढली. कुणाला विचारलं नाही. खुंटीवरनं पाटी काढली, उलटी केली आणि चौथऱ्याच्या दगडावर दणादण आपटून आतली सगळी घाण तिथंच झाडली. मग पाटी काखेत मारून नाक्याच्या रस्त्याला लागली. पाटलाच्या बांधावर ती पुन्हा कधी गेली नाही.